मागचे म्हणजे कोण?

मी एक पेटी बोलतेय. पेटी म्हटल्यावर लगेच सूर धरायला बसू नका, मी वाजत नाही. वाजवणाऱ्यांना जी मतं पडतात ती माझ्या पोटात पडतात, एवढाच माझा संगीताशी आजचा संबंध. थोडक्यात, मी मतपेटी आहे. पण जन्माची मतपेटी नाही बरं का! माझी कंबर बघा. कोणत्या मतपेटीला अशी कंबर असते?

एका सुताराने मला व्हायोलिनसाठी घडवलं. बोलायला तिखट, पण हात मऊ. "व्हायोलिन कुठंही मिळेल, त्याला नीट झोपवणारी पेटी मिळायची नाही," असं तो गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचा. त्याने मला आतून हिरवी मखमल लावली, बाहेरून काळा रंग दिला आणि दोन पितळी कड्या बसवल्या. त्यातली एक अजून लागते. दुसरीचं म्हणाल तर ती तिच्या मर्जीची आहे.

माझ्या मालकीणबाई वाद्यवृंदातल्या पहिल्या व्हायोलिनवादक. सगळं सभागृह त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं, आणि तेवढं पुरायचं. कार्यक्रम संपला की बाई व्हायोलिन माझ्यात ठेवायच्या आणि झाकण लावायच्या आधी हळूच म्हणायच्या, "आज मधे दोनदा घसरले. कोणाला सांगू नकोस." मी कधीच सांगितलं नाही. दुसऱ्याचं गुपित पोटात ठेवायचं वळण मला तेव्हापासून लागलं, आणि पुढे ते फार उपयोगी पडलं.

आमच्या सभागृहात दारापासून रंगमंचापर्यंत एक लांबलचक बोळ आहे. त्याची एक भिंत बोडकी होती. तिच्यावर दरवर्षी एका वादकाचा फोटो लावायचा, ही कल्पना बाईंचीच. तिला 'मानाची भिंत' हे नाव नंतर पडलं. बाईंनी दोन नियम घातले. पहिला, या छपराखाली काम करणाऱ्या प्रत्येकाला मत. वादकाला जेवढं, तेवढंच तिकीट फाडणाऱ्याला आणि झाडू मारणाऱ्याला. "कान सगळ्यांनाच दोन असतात," म्हणायच्या. दुसरा नियम, फोटो फक्त अजून वाजवत असलेल्याचा. निवृत्त झाला की संधी संपली. "माणूस गेल्यावर सगळेच गोड बोलतात," बाई म्हणायच्या, "आहे तोवर बोला की!"

पुढे बाईंचा हात दुखायला लागला. व्हायोलिन त्यांच्या शिष्येकडे गेलं, पण शिष्येला खांद्यावर अडकवायची हलकी पेटी हवी होती. माझी रवानगी अडगळीच्या खोलीत झाली. मोडके स्टँड, फाटका पडदा आणि मी. नऊ वर्षं. एका उंदराने माझी मखमल चाखून पाहिली. त्याला आवडली असावी, कारण तो नातेवाईक घेऊन आला.

माझं नशीब उघडलं ते ड्रमवाल्यांच्या वजनामुळे. तोवर मतं बुटांच्या खोक्यात गोळा करत. एका वर्षी ड्रमवाले बेसावधपणे त्या खोक्यावर बसले आणि लोकशाही चपटी झाली. मग कोणाला तरी मी आठवले. रंगमंचाच्या सुताराने माझ्या झाकणाला करवतीने फट पाडली. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण रिकामं पोट घेऊन पडून राहण्यापेक्षा ते दुखणं बरं होतं. त्याला आता बारा वर्षं झाली.

मत टाकणाऱ्यांच्या तऱ्हा काय सांगू! कोणी चिठ्ठीच्या आठ घड्या घालतं, जणू आत राजवाड्याची किल्ली आहे. कोणी टाकल्यावर मला कानाशी धरून हलवतं. क्लॅरिनेटवाले दरवर्षी दोन चिठ्ठ्या टाकायचा प्रयत्न करतात आणि दरवर्षी पकडले जातात. आणि ट्रम्पेटवाले स्वतःचंच नाव लिहितात, तेही संपूर्ण, वडिलांच्या नावासकट. ट्रम्पेटची जागा खरं तर मागच्या बाजूला. पण ते भांडून पहिल्या रांगेत येऊन बसले, आणि आता त्यांना तिथून उठवायची कोणाची छाती नाही.

मतदानाच्या आठवड्यात मला बोळात टेबलावर ठेवतात. मग तिथे वाद रंगतात. भिंतीवर जायला लायक कोण? क्लॅरिनेटवाले म्हणतात, "ज्याच्या रेकॉर्डी निघाल्या तो." ड्रमवाले म्हणतात, "ज्याने वर्षं काढली तो." कोणी म्हणतं, ज्याने शिष्य घडवले तो. एकदा सफाईच्या मावशी पोछा पिळत म्हणाल्या, "जो उठताना खुर्ची जागेवर ठेवतो, तो मोठा. बाकी सगळे नुसते आवाज करतात." सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत.

मावशींच्या त्या कसोटीला उतरणारा एकच माणूस होता. आमचे मागचे.

मागचे म्हणजे मोठा बास वाजवणारे. माणसाएवढं उंच वाद्य, व्हायोलिनचा थोरला चुलता म्हणा. ते उभं धरायचं आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला पाठ लावून वाजवायचं. चौतीस वर्षांपूर्वी पहिल्याच दिवशी वाद्यवृंदाच्या संचालकांना त्यांचं नाव ठाऊक नव्हतं. ते हातातली काडी उगारून ओरडले, "ओ मागचे, जरा दमानं!" झालं. त्या दिवसापासून नाव विचारायचं जे राहिलं ते राहिलंच. लहानथोर सगळे त्यांना 'मागचे' म्हणायला लागले. त्यांना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट मावशींनी "बास वाजवता की बास करता?" असं चिडवलं, की म्हणायचे, "मी बास केलं तर तुमचं सगळ्यांचं बास होईल हो!"

लोकांना ती थट्टा वाटायची. मग एकदा मागच्यांना ताप आला आणि एक कार्यक्रम त्यांच्यावाचून झाला. त्या दिवशी काय बिघडलं ते सुरुवातीला कोणालाच कळेना. व्हायोलिन तीच, बासरी तीच, ट्रम्पेट तर नेहमीपेक्षा दोन बोटं जास्तच. पण सगळं कसं अधांतरी. संचालक घामाघूम. मध्यंतरात ड्रमवाले पाणी पिता पिता म्हणाले, "अरे, पायाखालचं काहीतरी काढून घेतलंय." सगळ्यांनी मागच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मी तेव्हा बोळातल्या फळीवर होते आणि दार उघडं होतं. मी ती शांतता ऐकली आहे.

आणि मग आलं मागच्यांचं शेवटचं वर्ष. बोटं आखडायला लागली होती. महिनाअखेरीस ते निवृत्त होणार होते, आणि बाईंच्या नियमानुसार भिंतीवर जायची ही शेवटची संधी होती. त्यांनी स्वतः याचा विचार केला असेल असं मला वाटत नाही. पण त्यांच्या मुलीने केला होता.

त्यांची मुलगी म्हणजे आमच्या कार्यालयातली ताई. पत्रं, तिकिटं, हजेरी, सगळं तिच्या हातचं. माझी किल्लीही तिच्याचकडे. भिंतीसमोरून जाताना ताई जरा हळू चालायची. मला दिसायचं. तिथे मानाच्या फोटोंशेजारी सगळ्या वाद्यवृंदाचाही एक फोटो आहे, आणि त्यात तिच्या वडिलांचा चेहरा बासच्या मानेआड गेलाय. दिसतो फक्त एक कान. ताई त्या कानाकडे बघायची आणि पुढे जायची.

मोजणी करायची कार्यवाहांनी आणि लेखनिकाने, म्हणजे ताईने. आमचे कार्यवाह तेव्हा नवे, येऊन आठ महिने झालेले. माणूस प्रामाणिक आणि शिस्तीचा. सगळ्यांना आडनावाने हाक मारणारा, त्यामुळे टोपणनावांच्या गावाला कधी न गेलेला. मोजणीच्या दिवशी ताई त्यांना म्हणाली, "साहेब, मोजायला दुसऱ्या कोणाला तरी घ्या ना. माझे वडीलच वाद्यवृंदात आहेत."

कार्यवाहांनी जुन्या निकालांची वही चाळली. मग अगदी मायेने म्हणाले, "अहो, तुमच्या वडिलांचं नाव आजवर एकदाही आलेलं नाही. उगाच काळजी करू नका. बसा."

समजूत घालायला बोललेलं वाक्य कधी कधी जिव्हारी लागतं. ताई बसली.

माझं झाकण उघडलं. अठ्ठावन्न चिठ्ठ्या. कार्यवाह एकेक वाचत होते आणि ताई लिहून घेत होती. "बासरीवाल्या बाई. बासरीवाल्या बाई. क्लॅरिनेट. मागचे." इथे ते थांबले. "मागचे? म्हणजे?"

ताईचा पेन कागदावर टेकलेला राहिला. पुढच्या चिठ्ठीतही 'मागचे'. त्याच्या पुढच्या चिठ्ठीत 'मागच्यांनाच द्या'. मग 'मागचेच बरे'. चिठ्ठ्या टाकल्या जात होत्या तेव्हाच मला कळलं होतं. शाईचा वास येतो मला, आणि अक्षरंही कळतात. सव्वीस लोकांनी एकमेकांना न विचारता तेच नाव लिहिलं होतं, कारण त्यांना त्या माणसाचं दुसरं नावच ठाऊक नव्हतं.

कार्यवाहांनी वही पुन्हा उघडली आणि त्यांचा चेहरा उजळला. "हां! आलं लक्षात. मागचे म्हणजे मागच्या वर्षीचे! गेल्या वर्षी ट्रम्पेटवाल्यांना आणि ड्रमवाल्यांना सारखी मतं पडली, चिठ्ठी काढली आणि ट्रम्पेटवाले हरले. ड्रमवाले भिंतीवर गेलेच, मागे राहिले ते हे. लोकांना चुटपुट लागलेली दिसते. म्हणून म्हणतात, मागचेच बरे."

"साहेब, मागचे म्हणजे..." ताई बोलायला लागली.

"म्हणजे काय?"

ताईने त्यांच्याकडे पाहिलं, मग चिठ्ठ्यांकडे. तिच्या मनात काय चाललं होतं ते मी सांगते. बोललं तर उद्या अख्खं सभागृह म्हणणार, बापासाठी मतं फिरवली, किल्ली तर हिच्याकडेच होती. वडिलांना मिळालेला मान त्यांच्याच नावाला डाग लावून जाणार. आणि न बोललं तर वडिलांचा मान दुसऱ्याच्या गळ्यात. इकडे आड, तिकडे विहीर.

"काही नाही," ती म्हणाली, आणि 'ट्रम्पेट' या शब्दापुढे सव्वीस लिहिलं. ट्रम्पेटवाल्यांचं पूर्ण नाव लिहिलेली एक चिठ्ठी होती तीही त्यात मिळवली. सत्तावीस झाले.

मला इतकी वर्षं गुपितं ठेवायची सवय, पण त्या दिवशी मला माझ्या गप्प स्वभावाचा राग आला. निदान कडी तरी वाजावी म्हणून मी जोर लावला. ती मर्जीची कडी! हललीसुद्धा नाही.

संध्याकाळी मागचे मुलीला घरी न्यायला कार्यालयात आले. डाव्या हाताच्या बोटांना पट्ट्या गुंडाळलेल्या. खुर्चीवर बसले आणि सहज माझ्यावर हात ठेवला. "काय गं, लागला का निकाल?"

"उद्या सांगणार आहेत, बाबा."

"ट्रम्पेटवाल्याला मिळू दे या वेळी. गेल्या वर्षी बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं होतं."

"आणि तुम्हाला नको?"

मागचे हसले. "मला? मला वर चढवलंत तर खाली कोण सांभाळणार? अगं, मी मजेत आहे. चौतीस वर्षं रोज सगळ्यांच्या पाठी बघत वाजवलं. कोणाचा खांदा कधी उचलतो, कोणाची मान कुठे वाकते, सगळं मला ठाऊक. पुढे बसणाऱ्याला फक्त लोक दिसतात. मला सगळे दिसले."

ताई टेबलाच्या खणात किल्ल्या शोधत राहिली. किल्ल्या तिच्या हातातच होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या आधी निकाल जाहीर करायचा होता. वादक आपापल्या जागी बसले होते. तिकीटवाले, दिवेवाले, मावशी दारापाशी उभे. मला रंगमंचावर टेबलावर ठेवलं होतं आणि ताई कागद घेऊन बाजूला उभी होती. कार्यवाहांनी घसा साफ केला.

"यंदा मानाच्या भिंतीवर जात आहेत, आपले ट्रम्पेटवादक!"

टाळ्या पडल्या, पण कशा, पाहुणा लवकर निघाला की 'बसा ना' म्हणतात तशा. लोक एकमेकांची तोंडं बघायला लागले. ट्रम्पेटवाले मात्र कोट झटकून उभे राहिले. कार्यवाहांना वाटलं, जरा रंग भरावा. त्यांनी एक चिठ्ठी उचलली. "सभासदांनी किती आपुलकीने लिहिलंय पाहा. हे एकाने लिहिलंय, 'मागचेच बरे. त्यांच्यावाचून काही उभं राहत नाही.'"

ट्रम्पेटवाले वाकून नमस्कार करत होते, ते अर्ध्यातच थांबले. "काय लिहिलंय? मागचे?"

"हो. म्हणजे मागच्या वर्षीचे. आपणच."

"अहो, एकवीस वर्षं पहिल्या रांगेत बसतोय मी!" ट्रम्पेटवाल्यांचा आवाज ट्रम्पेटइतका चढला. "मला मागचा म्हणतोय कोण? मी कोणाच्या मागे बसलोय का आजवर? असला फोटो नको मला!"

त्या माणसाचा मोठेपणाचा सोस मी बारा वर्षं सोसलाय. पण त्या सकाळी मला त्या सोसाची पापी घ्यावीशी वाटली.

दारातून मावशी झाडू घेऊनच पुढे आल्या. "अहो साहेब, मागचे म्हणजे मागच्या वर्षीचे नव्हेत हो! मागचे म्हणजे मागे उभे राहतात ते. आमचे मागचे! मी त्यांनाच दिलंय मत."

"मीपण," ड्रमवाले म्हणाले.

"मीपण." "मीसुद्धा."

आणि सगळ्या वाद्यवृंदाने एकदम मान वळवून मागे पाहिलं. चाळीस चेहरे. मागच्यांनी बासला टेकून उभ्या उभ्या ते चेहरे पाहिले. त्यांना वाटलं, आपल्यामागे कोणीतरी आलंय. म्हणून त्यांनीही वळून मागे पाहिलं. मागे नुसती भिंत होती.

सगळे हसले. मग हसता हसता बासरीवाल्या बाईंनी डोळे पुसले, आणि मग बऱ्याच जणांनी पुसले.

कार्यवाहांचा चेहरा पडला होता. ते ताईकडे वळले. "तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाही?"

"माझे वडील आहेत ते, साहेब. मी कोणत्या तोंडाने सांगणार?"

कार्यवाहांनी हातातली चिठ्ठी खाली ठेवली. मग म्हणाले, "चूक माझी. आठ महिन्यांत मी कोणाला धड ओळखलंच नाही." आणि त्यांनी ज्यांनी ज्यांनी 'मागचे' लिहिलं होतं, त्यांना हात वर करायला सांगितलं. गुप्त मतदानाचे माझ्यादेखत असे धिंडवडे निघाले, पण मी हरकत घेतली नाही. सव्वीस हात वर गेले. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. क्लॅरिनेटवाल्यांनी दोन्ही हात वर केले होते, त्यातला एक ड्रमवाल्यांनी खाली ओढला.

तालीम संपल्यावर बापलेक कार्यालयात आले. मागचे कालच्याच खुर्चीत बसले. मग म्हणाले, "काल मी इथेच बसून ट्रम्पेटवाल्याची तरफदारी करत होतो. तुला किती जड गेलं असेल गं."

"तुम्हाला राग नाही ना आला? मी गप्प राहिले म्हणून?"

"राग?" त्यांनी पट्ट्यांचा हात तिच्या डोक्यावर ठेवला. "सव्वीस जणांनी मत दिलं त्याचा आनंद आहेच. पण किल्ली हातात असून तू माझ्यासाठी शब्द टाकला असतास, तर मला घरी जेवण गेलं नसतं."

तेव्हा ताई रडली. मागचेही रडले. मी पेटी, मला रडता येत नाही. पण माझ्या झाकणावर दोन थेंब पडले आणि ते मी पुसू दिले नाहीत. म्हणजे कोणाला ते दिसलेच नाहीत.

पुढची अडचण फोटोची. ज्यात मागच्यांचा पूर्ण चेहरा आहे असा एकही फोटो सभागृहात सापडेना. शेवटी नवा काढला. मग पाटीचा प्रश्न आला. फोटोखाली काय लिहायचं? कार्यवाह हजेरीच्या वहीतून त्यांचं पूर्ण नाव शोधून आले आणि त्यांनी ते वाचून दाखवलं. मावशी म्हणाल्या, "हे कोण?" ड्रमवालेही विचारात पडले. तेव्हा मागचेच म्हणाले, "नुसतं 'मागचे' लिहा हो. नाहीतर लोकांना कळायचं नाही."

आता मागचे घरी असतात. आठवड्यातून एकदा श्रोत्यांत येऊन बसतात, तेही शेवटच्या रांगेत. काही खोडी जात नाहीत. ताई अजून कार्यालयात आहे. मतपत्रिकेवर आता 'पूर्ण नाव लिहावे' असं छापलेलं असतं. मला फळीवरून काढून भिंतीखालच्या टेबलावर कायमची जागा दिली आहे. मखमल विरलीय, पण पोटात शांत वाटतं. मतदान येईपर्यंत मी येणाऱ्याजाणाऱ्यांना बघत बसते, आणि माझी तक्रार काही नाही.

फक्त एक विनंती आहे. आमच्याकडे पाहुणे येतात, त्या फोटोपाशी थांबतात, 'मागचे' ही पाटी वाचतात, आणि बहुतेक जण फ्रेम हळूच उचलून तिच्यामागे काय आहे ते बघतात. तुम्ही आलात तर तसं करू नका. खिळा सैल होतो. आणि मागे काही नाही हो. ते समोरच आहेत.